फ्लोराईडचा आकडा पाहून पीफासबाबत निर्धास्त राहू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी आणि नंतर गावोगावच्या विहिरी, हातपंप आणि बोअरचे पाणी तपासले जाते. जंतू, नायट्रेट, क्षार, फ्लोराईड यांचे आकडे येतात, ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. ही तपासणी गरजेचीच आहे. पण तिच्यात पीफास या रसायनांसाठी रकाना नाही. हिरवे कार्ड मिळालेल्या गावाच्या बोअरमध्ये ही रसायने आहेत की नाहीत, हे त्या अहवालावरून कळूच शकत नाही. वाळूज, शेंद्रा, बिडकीन, जालना या पट्ट्यात उद्योग वाढत आहेत. आजची पातळी मोजून नोंदवून ठेवली नाही, तर दहा वर्षांनी दूषण सापडल्यावर ते कधी आले आणि कोणाकडून आले हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. ही मोजणी आताच आणि नीट पद्धतीने व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

पीफास म्हणजे कार्बनच्या साखळीला फ्लोरिन जोडलेली हजारो मानवनिर्मित रसायने. कार्बन-फ्लोरिन बंध हा सेंद्रिय रसायनांतला सर्वांत बळकट एकेरी बंध मानला जातो. ऊन, जिवाणू, क्लोरीन, उकळी यांपैकी कशानेही तो सहजी तुटत नाही. म्हणूनच आग विझवण्याचा फेस, क्रोमप्लेटिंगच्या टाकीवर धूर दाबणारे द्रव, तेल-पाणी न शोषणारे कापड आणि कागद, टेफ्लॉनसारख्या पदार्थांची निर्मिती अशा कामांत ती वापरली गेली, आणि म्हणूनच जमिनीत गेल्यावर ती तिथेच राहतात. यांतल्या पीएफओए या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. याच कुळातले पीएफओएस हे दुसरे रसायन ‘कर्करोगाची शक्यता आहे’ अशा गटात आहे. कोलेस्टेरॉल वाढणे, लसीला शरीराचा प्रतिसाद कमी मिळणे, बाळाचे जन्मवजन घटणे यांच्याशीही त्यांचा संबंध दिसला आहे. शरीरातून पीएफओए निम्मे व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात, पीएफओएसला त्याहून जास्त.

अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील या दोन रसायनांची मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. युरोपात ठरावीक २० रसायनांची बेरीज १०० नॅनोग्रॅमच्या आत असावी लागते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. वीस लाख लिटरच्या शेततळ्यात ८ मिलिग्रॅम पीएफओएस मिसळले, की पाणी ४ नॅनोग्रॅमला पोहोचते. एक टीएमसी पाण्याला सुमारे ११३ ग्रॅम पुरतात. जुन्या पद्धतीच्या अग्निशमन फेसाच्या एका लिटर सांद्र द्रावणात अशी रसायने काही ग्रॅम असतात. तेव्हा वीस लिटरचा एक कॅन नाल्यात ओतला तर काय होते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट परिसरातल्या बोअरच्या पाण्यात खडकातून येणारे फ्लोराईड हा जुना प्रश्न आहे, आणि नावात फ्लोरिन असल्यामुळे लोकांना वाटते की फ्लोराईडच्या तपासणीत पीफासही येत असणार. तसे होत नाही. फ्लोराईडची चाचणी पाण्यात मोकळा असलेला आयन मोजते. पीफासमधला फ्लोरिन कार्बनला घट्ट बांधलेला असतो, तो त्या चाचणीला दिसतच नाही. शिवाय फ्लोराईडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ४ नॅनोग्रॅमच्या अडीच लाख पट. पाण्यातले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरला तर याचा पत्ताही लागत नाही. तुरटी फिरवून, ब्लीचिंग पावडर टाकून किंवा पाणी उकळून काही साधत नाही. उकळल्याने पाणी आटते आणि रसायन तेवढेच राहते.

मराठवाड्याची जमीन या बाबतीत आपल्याला साथ देणारी नाही. काळ्या मातीत चिकणमाती भरपूर, म्हणून ती सगळे धरून ठेवेल असे वाटते. पण पीफासचे बहुतेक रेणू ऋणभारित असतात आणि काळ्या मातीतली चिकणमातीही ऋणभारित, त्यामुळे ती त्यांना फारसे पकडत नाही. लांब साखळीची, म्हणजे जास्त कार्बन असलेली, रसायने धरून ठेवतात ती मुख्यतः सेंद्रिय पदार्थ आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे; आणि सेंद्रिय कर्बाच्या बाबतीत आपल्या जमिनी गरीब आहेत. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात-हात खोल भेगा पडतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस मातीच्या कणाकणातून झिरपत बसत नाही, भेगांतून थेट मुरमात उतरतो. मुरमाखाली बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये पाणी फटींतून व दोन थरांमधल्या सांध्यांतून धावते. म्हणून एका बोअरमध्ये काही नाही आणि शंभर फुटांवरच्या दुसऱ्या बोअरमध्ये भरपूर, असे इथे सहज होऊ शकते. गावातला एक नमुना स्वच्छ निघाला म्हणून गाव स्वच्छ ठरत नाही.

त्यात दुष्काळ. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले २०१६ चे लातूर कोणी विसरलेले नाही. ज्या प्रदेशात दुसरा स्रोत शोधायला जागा नाही, तिथे असलेला स्रोत बिघडणे परवडणारे नाही. आणि पाणी कमी म्हणून सांडपाणी पुन्हा पुन्हा वापरात येते. नाल्यावर मोटार लावून भाजीपाला आणि चारा भिजवला जातो, तेच पाणी पाझरून खालच्या विहिरीत येते.

मोजायचे कुठे? आठ जिल्ह्यांत सरसकट नमुने घेत फिरायची गरज नाही. जागा ओळखता येतात. क्रोमप्लेटिंगचे कारखाने जिथे आहेत त्या वसाहतींच्या उताराकडच्या विहिरी. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी. छत्रपती संभाजीनगरची खाम नदी, चिकलठाण्याजवळची सुखना, जालन्याची कुंडलिका. नारेगावसारख्या जुन्या कचरा डेपोंचा पाझर. विमानतळ, इंधन साठ्याच्या जागा आणि मोठ्या कारखान्यांतली अग्निशमन सरावाची मैदाने. आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, कारण खामचे पाणी अखेर तिकडेच जाते आणि शहर तिथलेच पाणी पिते. ही नावे घेतली म्हणजे तिथे दूषण आहे असा आरोप नाही. जगभर ज्या प्रकारच्या जागांवर ते सापडले त्या प्रकारच्या या जागा आहेत, म्हणून आधी इथे पाहावे. नाथसागरातले मासेही तपासावेत. पीएफओएस माशांच्या शरीरात साठते, त्यामुळे पाण्यात यंत्राला जेमतेम दिसणारे दूषण माशात ठळकपणे दिसते.

प्रक्रिया केंद्राबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती अनेक अभियंत्यांनाही चकवते. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात पीएफओए आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त निघू शकते. मोजमापात काही चुकलेले नसते. आत येताना ही रसायने मोठ्या, वेगळ्या रेणूंच्या रूपात असतात. हवेच्या टाकीतले जिवाणू त्यांचा तुटण्याजोगा भाग खातात आणि न तुटणारा भाग पीएफओएसारख्या रूपात मोकळा होतो. म्हणून अशा ठिकाणी नेहमीच्या यादीसोबत ‘टोटल ऑक्सिडायझेबल प्रिकर्सर’ ही चाचणीही करून घ्यावी. तिच्यात नमुन्याचे ऑक्सिडीकरण करून लपलेले पूर्वरूप मोजता येते. केंद्रातल्या पाण्यातून न गेलेले रसायन गाळात बसते. तो गाळ खत म्हणून शेतात गेला की शेत दूषित होते. अमेरिकेच्या मेन राज्याने याच कारणासाठी २०२२ मध्ये सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्यावर बंदी घातली. औद्योगिक पाणी मिसळलेला गाळ आपल्याकडेही पीफासची तपासणी झाल्याशिवाय कोणाच्या बांधावर जाता कामा नये.

आता नमुना घेण्याबद्दल. सगळा खर्च वाया जातो तो इथेच. एवढ्या सूक्ष्म पातळीवर नमुना घेणाऱ्याच्या अंगावरचे रसायनही पाण्यात दिसते. बाटली प्रयोगशाळेनेच दिलेली, एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, २५० किंवा ५०० मिलिलिटरची असावी. काचेच्या आतल्या बाजूला ही रसायने चिकटतात, म्हणून काच नको. झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर नको. नळाच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असेल तर त्या तोटीतून नमुना घेऊ नये, पाइप सोडवून मागून घ्यावा. हातात नायट्राइलचे नवे मोजे, ते दर ठिकाणी बदलावेत. वॉटरप्रूफ जॅकेट, नवे न धुतलेले कपडे, सनस्क्रीन, हाताचे क्रीम त्या दिवशी टाळावे. नमुना घेताना तेलकट कागदातला वडापाव जवळ नको. ही सूचना ऐकून लोक हसतात, पण तेल न शोषणाऱ्या कागदावर हीच रसायने असू शकतात.

बोअर किमान पंधरा मिनिटे चालवावा. पाण्याचे तापमान आणि विद्युतवाहकता लागोपाठ तीन वेळा सारखी आली की मग बाटली भरावी. नमुना टाकीच्या आणि ब्लीचिंगच्या आधी घ्यावा. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी घ्यायचेच असेल तर बाटलीत क्लोरीन मारणारे रसायन आधीच टाकलेले हवे: २५० मिलिलिटरला पाव ग्रॅम अमोनियम ॲसिटेट, किंवा प्रयोगशाळेची पद्धत तशी असेल तर सव्वा ग्रॅम ट्रायझ्मा. आडातून किंवा तळ्यातून घेताना वरचा तवंग टाळून फूटभर खालचे पाणी घ्यावे, कारण ही रसायने पृष्ठभागावर गोळा होतात आणि वरचे पाणी घेतले तर आकडा फुगतो. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना हवाच: प्रयोगशाळेने दिलेले शुद्ध पाणी त्याच जागी, त्याच हातांनी दुसऱ्या बाटलीत ओतायचे. त्यात काही सापडले तर त्या दिवसाचे सगळे आकडे संशयास्पद. नमुने साध्या बर्फात, दुहेरी पिशवीत ठेवावेत. निळे जेल पॅक नकोत. पाणी ६ अंशांच्या खाली राहिले पाहिजे. मे महिन्यात परभणीहून रात्रीच्या गाडीने खोका पाठवला तर पहाटेपर्यंत बर्फ विरघळतो. वाटेत बर्फ बदलण्याची सोय आधीच लावावी. प्रयोगशाळेलाही एक गोष्ट बजावून सांगावी, की पूर्ण बाटली वापरायची आणि रिकामी बाटली मिथेनॉलने खंगाळून तेही त्यात धरायचे. बाटलीतून थोडे पाणी काढून घेतले तर भिंतीला चिकटलेले रसायन हिशेबात येत नाही आणि आकडा कमी दिसतो.

मातीचे नमुने स्टेनलेस स्टीलच्या गिरमिटाने ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे वेगवेगळे घ्यावेत. फक्त वरची माती घेतली तर लांब साखळीची रसायने दिसतात आणि खाली उतरलेली आखूड साखळीची निसटतात. जमिनीला भेगा असतील तर भेगेतली माती आणि भेगांमधली माती एकत्र करू नये.

अहवाल हाती आला की आधी ‘आढळले नाही’ हे शब्द पाहू नयेत, आधी मोजमापाची खालची मर्यादा पाहावी. एखाद्या प्रयोगशाळेची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम असेल, तर ती १०० नॅनोग्रॅम झाली. पाण्यात ९० नॅनोग्रॅम असले तरी अहवालात ‘आढळले नाही’ असेच छापून येईल. पीएफओए आणि पीएफओएससाठी ही मर्यादा २ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी हवी, उपकरण एलसी-एमएस-एमएस (रसायने वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारे) हवे, आणि मोजलेल्या रसायनांची पूर्ण यादी, कोऱ्या नमुन्याचा निकाल व समस्थानिक मानकांची (नमुन्यात मुद्दाम टाकलेल्या खुणेच्या रसायनांची) किती टक्के परत मिळाली ती वसुली टक्केवारी अहवालात लिहिलेली हवी. निविदा काढताना या अटी लिहिल्या नाहीत तर सर्वांत स्वस्त अहवाल मिळेल आणि त्याचा उपयोग शून्य असेल.

शेतीबाबत घाबरवून सोडण्याची आमची इच्छा नाही, पण नियम साधा आहे. आखूड साखळीची रसायने पाण्याबरोबर पानात आणि फळात चढतात, लांब साखळीची बरीचशी मुळाशी राहतात. दाण्यात सगळ्यांत कमी जातात. म्हणून शंका असलेल्या पाण्यावर पालक, मेथी, लसूणघास घेऊ नये. ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस तुलनेने बरे. लसूणघासाची काळजी वेगळी आहे, कारण त्यातली रसायने जनावरामार्फत दुधात येतात. दिलासा एवढाच की चारा आणि पाणी बदलले तर दुभत्या जनावराच्या अंगातले पीएफओएस काही महिन्यांत बरेच उतरते. माणसाला त्यासाठी वर्षे लागतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने चारापिकांवर हा अभ्यास हाती घ्यावा. कीटकनाशकांचाही प्रश्न आहे. फिप्रोनिल, लॅम्डा-सायहॅलोथ्रीन, फ्लोनिकामिड यांच्या रेणूत तीन फ्लोरिनचा गट असतो आणि व्यापक व्याख्येनुसार ती याच कुळात बसतात. त्यांचे वागणे पीएफओएससारखे नाही, दोघांना एकाच मापाने मोजू नये. पण अशा गटाच्या काही कीटकनाशकांपासून शेवटी ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल उरते. ते पाण्यात पूर्ण विरघळते आणि कोळशाच्या फिल्टरला जुमानत नाही, म्हणून भूजलाच्या यादीत तेही असावे.

पाण्यात काही सापडलेच तर काय करायचे? ते पाणी पिणे आणि स्वयंपाकाला वापरणे थांबवावे, बाळाच्या दुधाच्या पावडरीसाठी तर नक्कीच. आंघोळ आणि धुणे चालेल, त्वचेतून फारच थोडे जाते. आईने अंगावरचे दूध बंद करू नये.

आरओने ही रसायने नव्वद टक्क्यांहून जास्त अडतात, पण दोन अटींवर. घरगुती यंत्रात ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. चव यावी म्हणून तो मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) चुकवून आलेले पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. त्या पाण्याबरोबर पीफासही ग्लासात येते. तो पूर्ण बंद करून घ्यावा. दुसरी अट नाल्यात जाणाऱ्या पाण्याची. गावच्या प्लांटमध्ये १,००० लिटरमागे ४०० लिटर शुद्ध निघाले, तर उरलेल्या ६०० लिटरमध्ये रसायन दीडपटीहून जास्त दाट होते. ७५० लिटर शुद्ध काढले तर जवळपास चौपट. तेच पाणी प्लांटच्या मागच्या खड्ड्यात मुरते आणि बोअरला परत मिळते. हे रोज घडते आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही.

गावासाठी दाणेदार सक्रिय कोळसा जास्त सोयीचा. ताशी १,००० लिटरच्या प्लांटला पाणी कोळशात किमान दहा मिनिटे राहायला हवे, म्हणजे एका टाकीत सुमारे १६७ लिटर, वजनाने ८० ते ८५ किलो कोळसा. अशा दोन टाक्या एकामागून एक जोडायच्या, मध्ये नमुन्याची तोटी ठेवायची. मधल्या तोटीत रसायन दिसू लागले की पहिल्या टाकीतला कोळसा बदलायचा आणि दुसरी टाकी पहिल्या जागी घ्यायची. एकाच टाकीवर भागवले तर कोळसा संपल्याचे कळेपर्यंत गाव तेच पाणी पीत असते. भरल्यावर एकदाच नीट उलटे धुवायचे. वारंवार उलटे धुतले की थर ढवळले जातात आणि खालचा ताजा कोळसा वाया जातो. वारंवार धुवावे लागू नये म्हणून कोळशाच्या आधी वाळूचा फिल्टर लावावा. आखूड साखळीची रसायने कोळशातून लवकर सुटतात, आणि लांब साखळीवाली त्यांना ढकलून बाहेर काढतात तेव्हा बाहेरच्या पाण्यात त्यांचे प्रमाण आतल्यापेक्षाही जास्त दिसते. कोळसा संपल्याची ती खूण आहे. वापरलेला कोळसा वीटभट्टीत किंवा उकिरड्यावर अजिबात टाकू नये. भट्टीच्या उष्णतेची खात्री नसते, आणि पुरेशी उष्णता न मिळाल्यास रसायन न तुटता धुरातून आसपासच्या रानात पसरते. धोकादायक कचरा म्हणून तो रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडेच गेला पाहिजे, आणि याचा खर्च प्लांटच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.

कायद्याच्या बाजूने आपण मागे आहोत. निसर्गात न विघटणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये आणि याच कुळातले पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये आले. भारताच्या २०१८ च्या नियमांनी बंदी घातलेल्या सात रसायनांत यांपैकी एकही नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकातही यांची मर्यादा नाही. इटलीत विचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांच्या भागातले पाणी बिघडले, २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला, जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकली जाऊन आपल्याच राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आली आहे. ती आली म्हणजे तिथे दूषण झालेच असे आम्ही म्हणत नाही. पण ही रसायने दूर परदेशातली आहेत, ही समजूत आता सोडायला हवी.

केंद्राच्या मानकाची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतीपत्राचे नूतनीकरण करताना प्लेटिंग, कापड प्रक्रिया आणि अग्निशमन फेस ठेवणाऱ्या प्रत्येक युनिटकडून सुरक्षितता माहितीपत्रक मागू शकते. त्यात कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक, शोधावा: पीएफओएसचा १७६३-२३-१, पीएफओएचा ३३५-६७-१. व्यापारी नावावरून काही कळत नाही, क्रमांकावरून कळते. जुना फेस किती लिटर, कुठे ठेवला आहे याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी करावी, आणि सरावासाठी तो फवारणे लगेच थांबवावे. सरावाला फ्लोरिनविरहित फेस मिळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतेच. औद्योगिक वसाहतींच्या उताराकडच्या निवडक विहिरींवर मे आणि ऑक्टोबरच्या फेरीत एक जास्तीची बाटली भरली, तर वेगळी मोहीम काढावी लागणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात पाच जागा धरल्या तर एका फेरीत चाळीस नमुने होतात, वर कोरे नमुने. येत्या ऑक्टोबरच्या फेरीपासून सुरुवात करता येईल. जागांची यादी, नमुना घेण्याची लेखी पद्धत आणि निविदेतल्या प्रयोगशाळेच्या अटी लिहून द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले,
पाणी व माती तपासणीच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर